साडेतीन कुत्री आणि पाच मांजरं

जे काही झालं त्याला वहिनींचे दोन शब्द कारणीभूत होते, असं कोष्टकरावांचं आजही मत आहे. ते शब्द म्हणजे, "जमतील तेवढी."

वहिनी म्हणजे कोष्टकरावांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. गेली चार वर्षं त्या परगावी जाणाऱ्या लोकांची कुत्री-मांजरं घरी सांभाळत. दिवसाला कुत्र्यामागे अडीचशे आणि मांजरामागे शंभर सुटत. कधी दोन असत, कधी चार, कधी महिनाभर एकही नसे. त्या मंगळवारी जिन्यात कुणीतरी विचारलं, "एका वेळी किती ठेवता हो?" वहिनी म्हणाल्या, "जमतील तेवढी." मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या कोष्टकरावांच्या पायाखालची पायरीच हलली.

कोष्टकरावांनी एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात नियोजन विभागात काढली होती. पीठ इतकं, भट्टीचे तास इतके, तर गोड बिस्किटं किती भाजायची आणि खारी किती म्हणजे नफा जास्तीत जास्त होईल, हे ते रेघा मारून सांगत. एकतीस वर्षांत त्या विभागातून 'जमतील तेवढी' असं लिहिलेला एकही कागद बाहेर गेला नव्हता. आणि आता निवृत्त होऊन आठ महिने झाल्यावर त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या तोंडून हे ऐकायची वेळ आली. शिवाय आठ महिन्यांत त्यांना करायला काही नव्हतं. ते दिवसातून सहा वेळा टपालपेटी उघडून बघत. नळ गळत नसताना दुरुस्त करत, मग तो गळायला लागे. बसल्या जागी त्यांचा उजवा गुडघा सारखा हलायचा आणि समोर बसलेल्या माणसाला आगगाडीत बसल्यासारखं वाटायचं.

त्याच दुपारी त्यांनी पोलादी टेप काढली. दिवाणखाना, मागची खोली आणि बाल्कनी मिळून, सामान वगळता, एकशेवीस चौरस फूट मोकळी जागा भरली. मग ते वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"एका कुत्र्याला दिवसाचा किती वेळ लागतो?"

"कुत्र्यावर आहे," वहिनी म्हणाल्या.

"सरासरी सांग."

"दंतवैद्याच्या कुत्र्याला फिरवून आणलं की तो झोपतो. वकिलाच्या कुत्र्याशी बोलत बसावं लागतं."

"दीड तास धरतो. मांजराला?"

"मांजर आपलं आपण असतं हो."

"अर्धा तास."

वहिनींचे पाच तास आणि स्वतःचे पावणेतीन असे पावणेआठ तास त्यांनी मांडले. कुत्र्याला वीस चौरस फूट जागा, मांजराला दहा. आलेखाच्या कागदावर एक रेघ जागेची मारली, एक वेळेची. ह्या दोन रेघांच्या आत राहून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, की सगळ्यात जास्त नफा कोपऱ्यात सापडतो. सापडतोच. कोष्टकरावांच्या आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींनी कधी दगा दिला नाही, त्यांत हा कोपरा पहिला होता. दोन रेघा एकमेकींना जिथे छेदल्या तिथे त्यांनी लाल शाईचा ठिपका दिला, आणि कागद घेऊन ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेल्या आप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे त्यांचे वडील. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, आणि मुलाचं काही मनावर घ्यायचं नाही असं पन्नास वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेलं.

"आलं उत्तर. रोजचे तेराशे पंच्याहत्तर."

"कसे?"

"साडेतीन कुत्री आणि पाच मांजरं."

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "अर्ध्या कुत्र्याचा पुढचा भाग घेणार का मागचा?"

वास्तविक शहाण्या माणसाने इथे तीन कुत्री आणि सहा मांजरं घेतली असती. जागा पुरली असती, वेळ पुरला असता, नफा फक्त पंचविसाने कमी झाला असता. कोष्टकरावांनी हा हिशेब केला नव्हता असं नाही. पण ते पंचवीस त्यांना दाताच्या फटीत अडकलेल्या दोऱ्यासारखे छळू लागले. जेवताना त्यांची जीभ तिथेच जाई. दोन दिवस त्यांनी इमारतीच्या अंगणात येरझारा घातल्या, आणि तिथे त्यांना खालच्या मजल्यावरचे स्टेनोसाहेब भेटले. हे कोर्टात लघुलेखक होते. निवृत्त झाले तरी समोरचा बोलायला लागला की त्यांची बोटं मांडीवर लिहायला लागत.

"अर्धा कुत्रा म्हणजे आकाराने की वयाने?" सगळं ऐकून घेऊन स्टेनोसाहेबांनी विचारलं.

"आकाराने चालेल. दहा चौरस फुटांत मावणारा, पाऊण तासात आटपणारा."

"लहान कुत्र्याला जास्त वेळ लागतो. माझ्या मावशीचं होतं. हातात मावायचं, पण मावशीला नोकरी सोडावी लागली. तुम्ही असं करा, पूर्ण कुत्रा अर्धा दिवस घ्या."

कोष्टकराव जागच्या जागी थांबले. आठ महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा कुत्रा दुकानात गिऱ्हाइकांच्या फ्रेमा चावे, म्हणून त्यांना सकाळी नऊ ते दुपारी तीन असं कुणीतरी हवंच होतं. झालं, अर्धा कुत्रा मिळाला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बघा बाई, तुम्हाला हौस आहे तर." ह्या वाक्याचा अर्थ संमती असा नसतो, हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही कोष्टकरावांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

आता आठाच्या वर प्राणी म्हणजे परवाना आला. परवाना खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"प्राण्यांची संख्या साडेआठ?"

"गणिताने तेवढीच येते."

"अर्धा कोण?"

"कुत्रा."

"जिवंत आहे ना?"

"अर्धवेळ आहे," कोष्टकराव शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. तो खोकला खरा नव्हता.

"हे बघा काका, रकान्यात दशांश बसत नाही. आणि आठपर्यंत परवानाच लागत नाही. आठ ठेवा आणि घरी जा."

"रोजचे सव्वाशे बुडतील."

"मग नऊ लिहा. पण नऊ म्हणजे आस्थापना. आस्थापनेला शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र, आग विझवायचं नळकांडं, दारावर पाटी आणि निरीक्षकांची भेट."

कोष्टकरावांनी नऊ लिहिलं. एका सरकारी कागदावर आपण अर्ध्या कुत्र्याचं खोटं बोललो, ही टोचणी त्यांना घरी येईपर्यंत पुरली.

ना-हरकत पत्रासाठी ते स्टेनोसाहेबांकडे गेले. स्टेनोसाहेबांना हरकत मुळीच नव्हती, पण पत्र देता देता ते म्हणाले, "तुमचा तो सोफा विकणार असाल तर मला सांगा." सोफा विकायचा विचार कोष्टकरावांच्या मनातही नव्हता. पण जिना चढता चढता त्यांना कारखान्यातली एक युक्ती आठवली. एखादी गोष्ट थोडी जास्त मिळाली तर नफा किती वाढेल, हे काढलं की त्या गोष्टीची खरी किंमत कळते. घरात शिरेपर्यंत त्यांनी ती तोंडी काढली होती. एक चौरस फूट म्हणजे दिवसाला पाच. सोफा तीस चौरस फूट. म्हणजे हा सोफा रोज दीडशे खात होता, आणि वर आपण त्याला आठवड्यातून एकदा ब्रशने झाडतही होतो.

त्यानंतर घराकडे बघायची त्यांची नजरच फिरली. फुलदाणीचं स्टूल रोज आठ खाई, पुस्तकांचं कपाट वीस.

"माझी खुर्ची किती खाते?" आप्पांनी विचारलं.

"साठ."

"मी तिच्यात बसलेला असताना की नसताना?"

"सारखंच."

"वाटलंच," आप्पा म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

सोफा खाली गेला. तो जिन्याच्या वळणावर अडकला, एक पाय मोडून सुटला, आणि वहिनी तेव्हा बाजारात होत्या. त्या परत आल्या आणि सवयीने जिथे बसायच्या तिथे बसायला गेल्या. जमीन अंदाजापेक्षा बरीच खाली निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. कोष्टकरावांना हे शुभलक्षण वाटलं. ते नवा आलेख काढायला बसले, आणि पहिल्याच रेघेला अडले. जागा वाढली तशी वेळेची रेघ आडवी आली होती, आणि कोपरा सरकून भलतीकडेच गेला होता. नवीन उत्तर होतं अर्धा कुत्रा आणि चौदा मांजरं.

चौदा मांजरं आणायची कुठून हा एक प्रश्न. आणि तो अर्धा कुत्रा काही केल्या जात नव्हता. कोष्टकराव उठले, बसले, बाल्कनीत गेले, टपालपेटी बघून आले. मग त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. वेळ किती वाढवला तर उत्तर पूर्णांकात येईल? साडेनऊ तास झाले तर चार कुत्री, सात मांजरं. रोजचे सतराशे. अर्धा कुणी नाही. इतकं देखणं उत्तर कारखान्यातही कधी आलं नव्हतं. कमी पडत होते फक्त पावणेदोन तास.

आणि वहिनी दुपारी सव्वा ते तीन पडत असत. पाऊण तास पुस्तक आणि एक तास झोप.

हा योगायोग त्यांना इतका सुंदर वाटला की ते लगेच सांगायला गेले. "तुझ्या दुपारच्या एका तासाची किंमत काढली मी. शंभर आहे," ते म्हणाले, बायकोला एखादा दागिना दाखवावा तशा आवाजात. "आणि तू रोज पावणेदोन तास झोपेत घालवतेस."

"पस्तीस वर्षं घालवतेय," वहिनी म्हणाल्या. "बघू ती वही."

वही देताना कोष्टकरावांना अभिमान वाटत होता, हे इथे नमूद करायला हवं. नियोजनाचं काम पुरं असावं लागतं, म्हणून त्यांनी घरातल्या प्रत्येक साधनाची यादी केली होती. ज्याची टंचाई आहे त्याला किंमत, जे मुबलक आहे त्याला शून्य, हा नियमच आहे. पाणी मुबलक, म्हणून शून्य. जुनी वर्तमानपत्रं शून्य. त्यांच्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'हिचा सोशिकपणा: भरपूर शिल्लक. किंमत शून्य.'

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. वही मिटून त्यांनी ती त्यांच्या हातात दिली.

"हे गणिताच्या भाषेत आहे," कोष्टकराव म्हणाले. "म्हणजे ती गोष्ट वाईट आहे असं नाही. उलट इतकी आहे की…"

"कळलं मला. कारखान्याची भाषा इतकी काही अवघड नाही." त्यांनी कपाटातून पिशवी काढली. "मी धाकट्या बहिणीकडे जातेय. चार दिवसांनी येईन."

"पण उद्यापासून चार कुत्री आणि सात मांजरं येतायत. घेतलीयत मी सगळ्यांची नावं."

"चांगलं झालं," वहिनी म्हणाल्या. "सोफा नाही, म्हणजे जागा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सगळे हजर झाले. कुत्र्यांना त्यांच्या मालकांच्या धंद्यावरून ओळखायची वहिनींची पद्धत होती. त्याप्रमाणे दंतवैद्य, वकील, मॅनेजर आणि पूर्णवेळ झालेली चष्मेवाली अशी चार कुत्री, आणि गाण्याच्या बाईंच्या पाच व इतर दोन अशी सात मांजरं. कोष्टकरावांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. साडेदहापर्यंत त्यांना कळून चुकलं की गणितात एक गोष्ट गृहीत धरली होती आणि ती कुणी कुत्र्यांना कळवली नव्हती. कुत्र्याला दीड तास लागतो हे खरं, मांजराला अर्धा तास लागतो हेही खरं. पण कुत्रा आणि मांजर एकमेकांना दिसले की दोघांना मिळून अख्खा दिवस लागतो. बिस्किटांचं असं नसतं. खाऱ्या बिस्किटाला बघून गोड बिस्किट कधी कपाटावर चढत नाही.

वकील भुंकायला लागला, आणि वकील थांबेना म्हणून मॅनेजर लागला. दंतवैद्याने वेळापत्रक खाल्लं, तेही नेमका दुपारच्या जेवणाचा रकाना. चष्मेवाली फक्त दाराकडे तोंड करून रडत राहिली. कोष्टकराव एकाला फिरवायला नेत तेव्हा मागे तिघं दार ओरबाडत. दोघांना नेलं तर दोरांचा पीळ त्यांच्याच पायांत बसे. एकदा तर ते असे बांधले गेले की स्टेनोसाहेबांना येऊन सोडवावं लागलं. सोडवताना ते म्हणाले, "सोफा फार आरामशीर आहे हो." कोष्टकराव त्या दिवशी जेवले की नाही हे त्यांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला निरीक्षक आले. नळकांडं स्वयंपाकघराच्या भिंतीला होतं, पाटी दारावर होती. मांजरं मोजायच्या आधीच घरातला फोन वाजला. वकीलसाहेबांच्या मिसेस होत्या, लाइनवर खरखर होती, म्हणून कोष्टकरावांना ओरडून बोलावं लागलं.

"वकील ठीक आहे. बाल्कनीत बांधलाय. नाही, सकाळपासून काही खात नाही. दंतवैद्याला चावला, पण थोडंसंच."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. आप्पा खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "कुत्र्यांबद्दल चाललंय. बसा."

निरीक्षक बसायला गेले. त्या घरात जिथे कुणीही बसायला जाई तिथेच. आप्पांनी वेळेवर काठी पुढे केली म्हणून ते अर्ध्यावरून परत आले. मग मोजणी झाली. परवान्यात प्राणी नऊ होते, घरात दहा भरले, आणि यादीत अकरा होते. म्हणजे दोन जास्त होते आणि एक हरवलं होतं. एकाच वेळी जास्तही असावं आणि कमीही असावं, असा हिशेब कोष्टकरावांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. गाण्याच्या बाईंचं पांढरं मांजर तासाभराने जिन्यातल्या पाण्याच्या मीटरच्या कपाटात सापडलं. ते बाहेर येईना. कोष्टकराव पोटावर पालथे पडून त्याला विनवत असताना त्यांच्या अंगावरून निरीक्षक खाली गेले, आणि जाताना दोन जास्तीच्या प्राण्यांबद्दलची नोटीस त्यांच्या पाठीवर ठेवून गेले.

ते तसेच पडून राहिले. मांजर आतून त्यांच्याकडे बघत होतं. त्यांच्या लक्षात आलं की गुडघा हलत नाहीये. आपल्याला भूक लागलीय, आणि हे सांगायला वहिनी घरात नाहीत, हेही लक्षात आलं. आठ महिने ते दिवसभर बायकोच्या पुढे-मागे फिरत होते. नळ गळतोय, टपाल नाही, आज वारा आहे, असं सगळं सांगत होते. ती ऐकत होती. ते कुठल्या रकान्यात लिहिलं होतं आपण?

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांवर कुत्री आणि स्टेनोसाहेबांवर मांजरं सोपवून ते बसने मेहुणीकडे गेले. दार मेहुणीने उघडलं.

"ताई झोपलीय. उठवू?"

"नको," कोष्टकराव म्हणाले.

ते बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसले. समोर घड्याळ होतं. पण आपण घड्याळ न बघता बसलोय हे त्यांना फार उशिरा कळलं. मेहुणीने दोनदा चहा विचारला. तीन वाजून गेल्यावर वहिनी केस सारखे करत बाहेर आल्या आणि त्यांना बघून दारातच थांबल्या.

"किती वेळ झाला येऊन?"

"फार नाही." मग स्टुलावरून उठून ते म्हणाले, "ती ओळ मी चुकीची लिहिली."

"गणित चुकलं का?"

"गणित बरोबर होतं," कोष्टकराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "लिहिणारा मूर्ख होता."

वहिनी काही वेळ त्यांच्या शर्टाकडे बघत राहिल्या. त्यावर मांजराचे केस होते, खिसा फाटलेला होता, आणि बटणं एक घर चुकून लावलेली होती. "चला ना घरी," ते हळूच म्हणाले.

"चार दिवस सांगितलेत मी. आज तिसरा आहे."

तरी त्या बसथांब्यापर्यंत आल्या. वाटेत सांगत राहिल्या. वकील ताटलीतलं पाणी पीत नाही, त्याला पातेलं लागतं. मॅनेजरला दाराकडे पाठ करून बसवा. मांजरांना मागच्या खोलीत ठेवून दार लावा, फटीला टॉवेल. चष्मेवाली घराच्या आठवणीने रडत असेल, तिच्या मालकिणीचा जुना रुमाल मागून घ्या. कोष्टकरावांनी सवयीने खिसा चाचपला. वही आणली नव्हती. "परत सांग," ते म्हणाले, आणि वहिनींनी परत सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनी परत आल्या तेव्हा दाराआडून आवाज येत नव्हता. घाईने दार ढकलून पाहिलं तर आप्पा खुर्चीत डुलकी घेत होते, मागच्या खोलीच्या दाराच्या फटीला टॉवेल होता, आणि जमिनीवर सतरंजी टाकून कोष्टकराव झोपले होते. नोटिशीला उत्तर म्हणून चष्मेवाली आणि एक मांजर त्यांनी आदल्या संध्याकाळीच परत पाठवलं होतं. वकिलाने हनुवटी त्यांच्या पोटरीवर ठेवली होती. वाजले होते दोन.

वहिनींनी पिशवी आवाज न करता खाली ठेवली. भिंतीला टेकून त्यांच्याशेजारी सतरंजीच्या कडेवर त्या बसल्या, आणि पिशवीतून पुस्तक काढून वाचू लागल्या.

दहा मिनिटं झाली असतील, तर बेल वाजली. वहिनींनी पटकन उठून दार उघडलं. बाहेर हातात पिंजरा घेऊन एक गृहस्थ उभे होते.

"पाटी पाहिली. पोपट ठेवाल का पंधरा दिवस?"

वहिनी काही बोलायच्या आत सतरंजीवरून, डोळे मिटलेले असतानाच, आवाज आला. "पोपट नको."

"ऐकलंत ना," वहिनी म्हणाल्या.

"अहो, त्याला काहीच लागत नाही," गृहस्थ म्हणाले. "पिंजरा छताला टांगायचा, म्हणजे जागा नाही. दाणे मीच भरून देतो, म्हणजे वेळ नाही. असले माझ्या भावाकडे आणखी आहेत. शंभर पोपट म्हणालात तरी देईल तो."

आतून उत्तर आलं नाही. वहिनींनी वळून पाहिलं. कोष्टकराव तसेच पडले होते. पण त्यांचा एक डोळा उघडला होता आणि छताकडे लागला होता, आणि सतरंजीखाली उजवा गुडघा हळूहळू हलायला लागला होता.

वहिनींनी दार लावून घेतलं.